फुलपाखरांच्या वॉलपेपरमागे

भाचीची केमो चालू होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या, आणि पाच दिवस ताप हटत नव्हता. अँटिबायोटिक्सही हरली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फुप्फुसात बुरशी गेली असावी. घरी कुठे ओल आहे का?"

बहीण लेकीजवळ आत होती. उत्तर मी द्यायचं होतं. उपचारांपुरत्या दोघी माझ्याकडेच राहत होत्या ना! मी छाती फुगवून म्हणालो, "छे हो! घर एकदम चकाचक."

चकाचक म्हणजे काय, ते सांगतो. आमची बिल्डिंग खाडीजवळ, झाडांच्या राईला लागून. तिकडची भिंत बारा महिने पाझरते. आमच्या सोसायटीत ओल काढत नाहीत, झाकतात. कुणी प्लायवूड ठोकतं, कुणी कपाट सरकवतं. मी भाचीसाठी फुलपाखरांचा वॉलपेपर चिकटवला होता. आल्यागेल्याला दाखवतही होतो.

दुपारी तिचे कपडे न्यायला घरी आलो. पलंगामागे कागद फुगलेला दिसला. ओढला. आत काळंहिरवं, केसाळ, बुळबुळीत काहीतरी पार वरपर्यंत चढलेलं. वास असा की नाक दाबलं. तिची उशी नेमकी तिथेच टेकलेली. बेसिनवर ओकलो. खरं सांगतो, भिंतीपेक्षा स्वतःच्या तोंडाची किळस जास्त आली.

तिथूनच बहिणीला फोन लावला. "डॉक्टरांना सांग, घरात बुरशी आहे. मी खोटं बोललो."

"कशाला रे दादा?"

"लाज वाटली."

"चुलीत घाल तुझी लाज!" म्हणत ती धावलीच.

त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला. फुप्फुसात डाग निघाले. बाकीच्या रिपोर्टची वाट न बघता बुरशीवरचं औषध सुरू केलं. मग नळी घालून फुप्फुस धुतलं, त्या पाण्यात बुरशी सापडली. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "ती भिंतीतूनच आली असं सांगता येत नाही, हवेतही असते. पण हे मी विचारलं तेव्हाच कळायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. बहिणीने माझ्या घरी परतायला साफ नकार दिला. भाड्याचा फ्लॅट बघायला मात्र मलाच घेऊन गेली.

"अंकल, एकदम सूखा फ्लॅट है," एजंट म्हणाला. अगदी माझ्याच सुरात.

"दादा, तू बघ. आणि खरं सांग."

मी चारही भिंती तळहाताने चाचपल्या. कपाटामागे हात गार पडला.

"नको," मी म्हणालो. "दुसरा बघू."