देवाच्या नावेतली एकच वायर

देवाने मला एकदा बुडता बुडता वाचवले, ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पण अर्धीच. उरलेली अर्धी सांगायचे धैर्य इतकी वर्षे झाले नाही. आता वय झाले, म्हणून लिहून ठेवतो.

दोंडाईच्याला माझे ट्रकच्या वायरिंगचे दुकान होते. तापीपलीकडच्या महादेवावर आमच्या घराची श्रद्धा. देवस्थानाकडे भरुचकडून आणलेली एक जुनी, लहान लाकडी नाव होती, शिडाची. डोलकाठीवर एक दिवा, तळाशी झिरपलेले पाणी उपसायला छोटा पंप, आणि मागे बॅटरी. सगळ्या वायरी कुजल्या होत्या. देवाचे काम म्हणून मी ते फुकट अंगावर घेतले. फुकट करतो आहोत याचा ताठाही होताच.

जुन्या वायरी उपटल्या तेव्हा दिसले, की दिव्याला आणि पंपाला दोन-दोन वायरी बॅटरीपासून नेल्या होत्या. मला हसू आले. ट्रकमध्ये आम्ही एकच वायर ओढतो. परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडातूनच बॅटरीकडे जातो. नावेच्या तळाला आतून लोखंडी पट्टी होती. बॅटरीचे टोक एका बोल्टने तिला जोडले आणि परतीचे काम मी त्या पट्टीवर सोपवले.

नाव चालवणारे उत्तमभाऊ शेजारी शीड शिवत बसले होते. म्हणाले, "नाना, पहिले दोन वायरी व्हत्यात. आते एकच कशी?"

"ट्रकला कुठे दोन असतात, भाऊ? लोखंड आहे ना, तीच दुसरी."

"ट्रक पानीमा उभा ऱ्हास का, नाना?"

काठावरची माणसे हसली. मला ते झोंबले. "तुम्ही शीड सांभाळा, वीज मला सांभाळू द्या," असे म्हणून मी पकड उचलली. ते पुन्हा शीड शिवू लागले.

पावसाळाभर दिवा लागला, पंप चालला. कार्तिकातल्या एका सोमवारी मी आणि माझी पत्नी दर्शन घेऊन त्याच नावेने परत निघालो. पंधरा-सोळा माणसे होती. आभाळ भरून आलेले, दिवेलागणीची वेळ. मध्यधारेत दिवा फडफडला आणि विझला. पंपही थांबला. थोड्या वेळाने पाय ओले लागले. बाया तीर्थाच्या तांब्यांनी पाणी उपसू लागल्या. या काठाला घाटाच्या दोन्ही बाजूंना खडक आहेत, आणि घाट कुठे आहे तेच दिसेना. पत्नीने माझा हात घट्ट धरला होता. मला मात्र तेव्हाच कळले होते, की पट्टीच्या जोडावरचा बोल्ट गंजला असणार. इतकी माणसे माझ्या ताठ्यापायी बुडणार होती. मी डोळे मिटले. तोंडून नामसुद्धा निघेना. 'माझ्यामुळे नको' एवढेच निघाले.

डोळे उघडले तेव्हा काठावर एक उजेड हलत होता. बरोबर घाटाच्या पायरीवर. उत्तमभाऊंनी त्यावर नजर ठेवून शीड वळवले आणि आम्ही लागलो. कंदील घेऊन उभ्या होत्या त्या त्यांच्या पत्नी, रुखमाअक्का. एरवी त्या वेळी त्या घाटावर कधी येत नसत. त्या दिवशी जीव घाबरला म्हणून आल्या, एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा नावेत गेलो. बॅटरी भरलेली होती, बोल्ट गंजून सुटला होता. मी गुपचूप दुसरी वायर ओढली. देवस्थानाच्या पंचांनी विचारले तेव्हा म्हणालो, "बॅटरी उतरली होती." बॅटरी भरून आणणे उत्तमभाऊंचे काम होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. पंचांनी त्यांच्याकडून नाव काढून घेतली. मी खाली मान घालून उभा होतो.

मागच्या वर्षी मी रुखमाअक्कांकडे गेलो. उत्तमभाऊ जाऊन बराच काळ झाला होता. ओट्यावर बसून सगळे सांगितले. त्या शेंगा फोडत होत्या, हात थांबले.

"मरेपावत म्हनेत, मन्हीच चूक व्हयनी," त्या म्हणाल्या.

मी पाया पडायला वाकलो, त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "नाना, तो कंदील मी तुम्हनासाठे नही लई उनू व्हतू. यास्नासाठे लई उनू व्हतू." उत्तमभाऊंसाठी आणला होता तो त्यांनी. मग पुन्हा शेंगा फोडत, "पन त्याना उजेडमा तुम्हीन बी उतरनात ना? मंग देवना दारमा जाईसन सांगा."

मी गेलो. जुन्या पंचांपैकी कोणी उरले नाही. नाव केव्हाच मोडीत निघाली. आरतीला जमलेल्यांसमोर उभे राहून मी उत्तमभाऊंचे नाव घेतले, बॅटरी भरलेली होती असे सांगितले. लोकांनी आदराने ऐकले. कोण उत्तमभाऊ, हे कुणालाच माहीत नव्हते.

कृपा माझ्या पुण्याईने आली असे मी वर्षानुवर्षे सांगत होतो. ती ज्याच्यासाठी आली, त्याच्याच माथी मी दोष मारला. आणि तरीही तिने मला काठाला लावले. आता रोज देवासमोर बसतो तेव्हा काही मागत नाही. नावेची बॅटरी भरलेली होती, एवढेच सांगतो, आणि हात जोडतो.