माझा नसलेला जर्क मसाला

माझा फेमस जर्क मसाला माझा नव्हता.
जर्कही नव्हता.

वारज्याच्या घरी ज्यांनी ते चिकन बोटं चाटून खाल्लं, त्या जुन्या टीममधले बरेच जण इथे आहात. म्हणून इथेच सांगतोय.

आज आईला जाऊन वर्ष झालं.

कंपनीच्या कामासाठी परदेशात, ऑनसाइटला असताना एका जमैकन शेजाऱ्यानं मला जर्क चिकन, म्हणजे त्यांच्याकडचं तिखट मसाला चोळून भाजलेलं चिकन, खाऊ घातलं होतं. पुण्यात परतल्यावर मी सहा महिने त्याचंच कौतुक करत होतो.

शेवटी आमच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "नुसतं ऐकवणार आहात, की कधी खायलाही घालणार?"

मी तावात येऊन सगळ्या टीमला रविवारी जेवायला बोलावलं.

नेटवरून रेसिपी काढली. ऑलस्पाइस, थाइम, जायफळ, दालचिनी, मिरच्या. सगळं एकदम कढईत ओतलं आणि गॅस मोठा केला.

थाइमची पानं आधी जळली, मग बाकीचं.

यवतमाळकडची माझी आई खोकत स्वयंपाकघरात आली. "काहून रे, जळलं काय सारं?"

कढईत डोकावून म्हणाली, "एकेक भाजा लागते बाप्पा. सगळ्याइले सारखी आच सोसत नायी."

पाहुणे दोन तासांत येणार होते. तिनं काही न विचारता उन्हाळ्यात स्वतः केलेल्या काळ्या मसाल्याचा डबा काढला आणि चिकनला चोळायला घेतला.

तेव्हा मी तिला काय म्हणालो, ते लिहायची लाज वाटते. पण लिहितो.

"आई, ते आले की तू फार बोलू नकोस. तुझं ते तुले-मले बरं नाही दिसत."

"बरं," एवढंच म्हणाली. हात थांबला नाही तिचा.

चिकनचा फडशा पडला. मॅडमनी विचारलं, "मसाला कुठला हो?"

"अस्सल जमैकन. मी स्वतः भाजून केला."

आई भाकरी घेऊन दारातच उभी होती. मॅडम हसत तिच्याकडे वळल्या. "काकू, खरंच का हो?"

मी खाली बघितलं.

आई सावकाश, एकेक शब्द जपून म्हणाली, "हो. त्यानेच केला. मला नाही येत तो."

मला, म्हणाली.
आयुष्यात मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

पाहुणे गेल्यावर ती काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. ती भांडी आवरून झोपली.

पुढे दर उन्हाळ्यात ती एक डबा जास्तीचा करायची. "तुया हापिसातल्या लोकाइले." मी तो ऑफिसला न्यायचो, वाटायचो, शाबासकी घ्यायचो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. इतकी वर्षं ते तोंडातून निघालं नाही.

मागच्या आठवड्यात बायकोला कपाटात शेवटचा डबा सापडला. त्यावर वहीच्या कागदाची पट्टी चिकटवलेली. आईचं थरथरतं अक्षर:

जर्क मसाला.

आजीकडून शिकलेल्या मसाल्याला तिनं माझ्या खोट्याचं नाव दिलं होतं. मी उघडा पडू नये म्हणून.

आई, मसाला तुझा होता. आज सगळ्यांना सांगितलं.

मले माफ कर.