दाजींची डबी

सांगली-मिरजेच्या परिसरात आमचे दाजी ज्या ज्या घरी गेले, तिथे ते माणसांच्या आधी फरशीला भेटले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कुणी भजनाला लागतं, कुणी शेअर बाजाराला. दाजी रेडॉनला लागले. हा किरणोत्सारी वायू जमिनीतून, दगडातून, फरशीच्या फटींतून घरात शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि दाजींच्या मते लाजही नाही. "बाप एक वेळ परवडला गं," ते भर पंगतीत मला समजावून सांगतात, "श्वासाबरोबर आत येतो, तसाच बाहेर जातो. त्याच्यापासून निपजणारे कण, ती त्याची पोरंबाळं वंगाळ! धुळीला चिकटून छातीत जातात आन् तिथंच संसार मांडतात." शेजारचा पाहुणा हातातली जिलेबी तशीच धरून दुसरा हात छातीला लावतो, आणि दाजी खुशीत मठ्ठा मागतात.

कुपवाडला एका कारखानदाराच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. होम चालू होता आणि दाजी दिसेनात. शोधलं तर आतल्या खोलीत कोपऱ्यातली फट बघायला फरशीला गाल टेकवून पालथे पडलेले. "फिट आली, कांदा आणा!" असं कुणीतरी ओरडलं. एकाने नाकाला कांदा लावला, दुसऱ्याने तांब्याभर पाणी ओतलं. दाजी ओलेचिंब उठले आणि म्हणाले, "फट सापडली!" त्या आनंदात त्यांनी यजमानांना आहेर म्हणून एक डबी दिली.

ही डबीच त्यांचं मोजायचं साधन. बारीक भोकांची, प्लास्टिकची, आत छोटीशी फिल्म. खोलीत उंचावर टांगायची आणि तीन महिने तिला हात लावायचा नाही. मग फिल्म गरम कॉस्टिक सोड्यात ठेवली, की किरणांनी पाडलेल्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मिरजेच्या एका घरात सासू-सुनांना वाटलं, डबीत माईक आहे. तीन महिने दोघी इतक्या गोड बोलल्या, की दाजी डबी काढायला गेले तेव्हा मुलगा हात जोडून म्हणाला, "सर, रिकामी असली तरी चालेल, पण एक राहू द्या."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण कवठे महांकाळला दाजींच्या आक्का राहतात. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून या थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलं, शिकवलं. आक्का झोपतात मधल्या खोलीत. तिथे धान्याची पोती, एक दार आणि खिडकी नाही. दारही त्या आतून कडी लावून घेणार. त्यांना खोकला लागला आणि दाजींची झोप उडाली. पावसाळ्यात त्यांनी तिथे डबी टांगली आणि बजावलं, "आक्का, हात लावायचा न्हाई." मुदत भरली तेव्हा मीच त्यांना गाडीने घेऊन गेले. पाहतो तर डबीला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, आणि भोकं कुंकवाने गच्च बुजलेली.

"आक्का! हे काय केलंस?"

"आवं बाई, खंडेनवमी व्हती," आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या. "घरातलं खुरपं, विळा, शिलाई मशीन समदं पुजलं. ह्याचं हत्यार तेवढं पारोसं ठिवू व्हय? चांगली घासून धुतली, मग पुजली!"

दाजी ज्वारीच्या पोत्यावर बसले. रागावले नाहीत. खिशातून नवी डबी काढून टांगली आणि पुढे दर रविवारी तिच्यावर पहारा द्यायला एसटीने जाऊ लागले. तीन महिन्यांनी फिल्म बघितली तर खुणाच खुणा! दुसऱ्या दिवशी ते गवंडी घेऊन आक्कांच्या दारात हजर.

"धडधाकट भिताडाला भोक पाडतोस? येडा झालास का रं?"

"भोक न्हाई, खिडकी. तू छातीत काय घेतीस त्ये मला दिसलंय, आक्का."

आक्कांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्याने पोती बाजूला ओढू लागल्या. खिडकी झाली, फरशीच्या फटी बुजवल्या, तिसरी डबी लागली. तिचा निकाल आला तेव्हा दाजींनी मला भर बाजारातून फोन केला. भाजीवाल्यांच्या वरताण ओरडत होते. खुणा अगदी थोड्या! आम्ही पेढे घेऊनच कवठ्याला गेलो.

"म्हंजे आता समदं बरं हाय?" आक्कांनी विचारलं.

"लय बरं!"

"मग आता तुझं हितलं काम संपलं म्हणायचं."

त्या सहजच बोलल्या, ज्वारी निवडता निवडता. दाजींचा पेढ्याचा हात तसाच राहिला. त्यांनी नव्या खिडकीकडे पाहिलं, मग सुपाकडे.

"तसं न्हाई, आक्का," ते हळू आवाजात म्हणाले. "थंडीत लोक समदं बंद करून झोपत्यात, तवा ह्यो वायू वाढतो. थंडीत परत मोजाय पायजे."

"आन् मग?"

"मग उन्हाळ्यात. दर साली मोजलेलं बरं."

आक्कांनी सूप खाली ठेवलं आणि स्वतः जाऊन स्टूल आणलं. दाजी नवी डबी घेऊन वर चढले. स्टूल चांगलं भक्कम होतं, तरी आक्कांनी ते दोन्ही हातांनी धरलं. दोरीची गाठ बसून बराच वेळ झाला होता. दाजी उतरत नव्हते आणि आक्का सोडत नव्हत्या.