अकरा महिने लावलेलं तेल

“कार्सिनोम,” डॉक्टर म्हणाल्या. मला शब्द कळला नाही असं वाटून त्यांनी तो इंग्रजीत पुन्हा सांगितला. कॅन्सर. उजव्या स्तनात, साडेचार सेंटिमीटरचा. काखेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे शरीरातल्या गाळणीसारखं काम करणाऱ्या छोट्या ग्रंथींमध्येही तो पोचला होता.

“गाठ हाताला कधीपासून लागते?” त्यांनी विचारलं.

“तीन आठवड्यांपासून,” मी म्हणाले.

नवरा, गिरीश, शेजारी बसला होता. त्यालाही मी तेवढंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि टाइप केलं. खरं उत्तर अकरा महिने होतं.

हे मी का लिहितेय? तुमच्यापैकी कुणी आज गाठ चाचपून बघत असेल आणि कुणालाच सांगत नसेल, म्हणून. मीही शिकलेली आहे. न्युरेम्बर्गमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हाच माझा व्यवसाय.

गाठ पहिल्यांदा लागली ती आंघोळ करताना. वाटाण्याएवढी. फ्राउएनएर्त्स्टिन, म्हणजे आमच्या बायकांच्या डॉक्टर, यांच्याकडे सहा आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. मला आत कुठेतरी बरंच वाटलं. मी घाबरले होते. माझी आत्या याच आजाराने गेली होती आणि तिचे शेवटचे महिने मी पाहिले होते.

त्या सहा आठवड्यांत मी एका उपासना मंडळात शिरले. ऑनलाइन चालायचं. पुण्याकडचे एक गुरुजी मंत्र म्हणत, आणि मंतरलेलं तेल पार्सलने येई. त्यांच्या कार्यक्रमांच्या व्हिडिओत पहिल्या रांगेत आमदार दिसत, एकदा एक मंत्रीही त्यांच्या पाया पडले. मला वाटे, एवढी मोठी माणसं येतात, म्हणजे काहीतरी खरं असणार. तेल चोळून गाठ मऊ लागायला लागली. निदान मला तशी लागली. मी डॉक्टरांची वेळ रद्द केली.

गिरीशला असलं काही चालत नाही, म्हणून त्याला सांगितलं नाही. साताऱ्याच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंना, शैलाताईंना मात्र सांगितलं. त्याही मंडळात आल्या. मग गुरुजींच्या शिष्यांनी अनुभव मागितला, फक्त बायकांच्या ग्रुपसाठी. “माझी गाठ निम्मी झाली,” असं मी हात जोडून फोनच्या कॅमेऱ्यासमोर बोलले. फोन धरला होता माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने, इराने. “पपाला सांगायचं नाही हं,” मी तिला बजावलं होतं.

शेवटी गाठ वाढतच गेली, तेव्हा गिरीशला ‘तीन आठवडे’ सांगून मी डॉक्टरांकडे गेले. निदान झालं त्या दिवशी इराने जर्मनमध्ये विचारलं, “मामा, आबर डू हास्ट गेझाग्ट, एस इस्ट क्लाइनर?” आई, तू तर म्हणाली होतीस ना, लहान झाली म्हणून? मी तिला दात घासायला पाठवलं.

उपचार ठरले. आधी केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं शिरेतून देणं, मग ऑपरेशन. खांद्याखाली, कातडीच्या आत, पोर्ट बसवला. ती एक छोटी डबी असते, दरवेळी हाताची शीर शोधावी लागू नये म्हणून. दर मंगळवारी सकाळी केमोच्या वॉर्डात जायचं. ओळीने आरामखुर्च्या, खिडकीबाहेर पार्किंग.

माझ्या शेजारच्या खुर्चीत मेरे बसायची. न्यूझीलंडची माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी बाई, साठीच्या आतबाहेरची, जर्मन नवऱ्याबरोबर तीस वर्षं जवळच्या फ्युर्थ शहरात राहिलेली. तिचा आजार हाडांपर्यंत गेला होता आणि हे ती बसचा नंबर सांगावा तसं सांगे. सुई लावायच्या आधी ती डोळे मिटून तिच्या भाषेत प्रार्थना पुटपुटायची. नर्स तोवर थांबायची.

पहिल्याच मंगळवारी मी गिरीशला फोनवर मराठीत म्हणाले, “शेजारी एक बाई आहे, सुईआधी मंत्र म्हणते. जर्मनीत राहूनसुद्धा!” आणि हसले. माझ्या पिशवीत तेव्हाही तेलाची बाटली होती.

तिसऱ्या आठवड्यात मेरेने विचारलं, “तुझ्या पिशवीला छान वास येतो. प्रार्थनेचं तेल आहे का?”

मी नाही म्हणणार होते. पण तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. मी हो म्हणाले.

मग तिने तिच्या घरची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी फ्लूच्या मोठ्या साथीत तिचे लोक भराभर मेले. त्यानंतर एका माओरी शेतकऱ्याला दृष्टान्त झाला आणि तो प्रार्थनेने लोकांना बरं करू लागला. हजारो लोक त्याच्या गावी गेले. मेरेची आजी काठी टेकत गेली आणि काठी तिथेच ठेवून चालत आली. अशा कुबड्या, काठ्या, चष्मे तिथे अजून जपून ठेवलेत.

“तुझा विश्वास आहे?” मी विचारलं.

“आजी चालत आली, हे खरं. पण माझ्या आईला टीबी झाला तेव्हा त्याच आजीने तिला हॉस्पिटलात नेलं. वाटभर प्रार्थना करत नेलं. आमच्याकडे दोन कायदे मानतात, एक आत्म्याचा आणि एक माणसांच्या जगाचा. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नसतं.”

त्या शेतकऱ्यानेही पुढे तेच केलं, ती म्हणाली. बरं करण्याचं काम झाल्यावर तो राजकारणाकडे वळला. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात गोऱ्यांनी मोडलेला जमिनीचा करार. त्याच्या माणसांनी संसदेतल्या माओरी जागा जिंकल्या आणि कामगारांच्या पक्षाशी हात मिळवला. माओरींना गोऱ्यांइतकंच पेन्शन हवं, घरं हवीत, डॉक्टर हवेत, यासाठी भांडले. आजही दर जानेवारीत मोठमोठे पुढारी त्या गावी जातात.

“आमच्या गुरुजींकडेही पुढारी येतात,” मी म्हणाले. माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, हे लिहितानाही लाज वाटते.

“हो? आमच्याकडे त्यांना बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकावी लागतात. मतं हवी असतात त्यांना, पण ऐकावं लागतं. तुमच्याकडे काय ऐकायला येतात?”

मी आठवून पाहिलं. हार, शाल, फोटो. कुणी काही मागितलेलं मला आठवेना. आमच्यासारख्या बायकांना तर सांगितलं होतं, घरात बोलू नका, बोललं की गुण जातो.

“आणि डॉक्टरांबद्दल काय सांगतात?” तिने विचारलं.

मी पिशवीची चेन लावून टाकली. मग एकदम सगळंच सांगितलं, अकरा महिने, तीन आठवडे, व्हिडिओ. तिने माझा हात धरला नाही, की समजूत घातली नाही. फक्त म्हणाली, “डॉक्टरला खरी तारीख सांग. तिला ती लागेल.”

पुढच्या तपासणीला मी गिरीशला मुद्दाम बरोबर नेलं आणि त्याच्यासमोर सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, “मला अंदाज होता. आमच्याकडे असं बऱ्याच जणी सांगतात. खोटं सांगण्यापेक्षा उशिरा खरं सांगणं बरं.”  घरी येताना उबानमध्ये, आमच्या मेट्रोत, गिरीश उभाच राहिला, समोर जागा असून.

यापुढचं सांगणं सगळ्यात कठीण आहे.

सासरी आम्ही “रक्त कमी आहे, उपचार चालू आहेत” एवढंच कळवलं होतं. माझ्याच हट्टाने. पाचव्या केमोनंतर शैलाताईंचा फोन आला.

“काय गं, थकलीस का? बरं ऐक, तुला म्हणून सांगते. मलाही गाठ आहे. फेब्रुवारीत बायॉप्सी सांगितली होती. पण तुझा व्हिडिओ बघितला आणि नाही गेले. तुझ्यामुळे धीर आला बघ. तेल लावतेय रोज.”

बायॉप्सी म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणं. तेवढ्यावर सगळं कळतं. तेव्हा सप्टेंबर चालू होता. माझ्या डोक्यावर एक केस नव्हता.

आणि मी काय केलं? “नंतर बोलते, ताई,” म्हणून फोन ठेवला. नऊ दिवस मी त्यांना फोन केला नाही. कॅन्सर लपवला त्याची लाज मला आता सोसते. त्या नऊ दिवसांची सोसत नाही.

दहाव्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला आणि डोक्यावरची टोपी काढली.

“ताई, माझी गाठ कमी झालेली नव्हती. कधीच नाही. मला कॅन्सर आहे. तुम्ही आजच्या आज भाऊजींना सांगा आणि दवाखान्यात जा.”

 “म्हणजे तू खोटं बोललीस,” असं म्हणून त्यांनी फोन बंद केला.

त्यांची बायॉप्सी पुण्यात झाली, हे मला गिरीशकडून कळलं. कॅन्सरच निघाला. डॉक्टर म्हणाले, फेब्रुवारीत आला असतात तर कदाचित फक्त गाठ काढून भागलं असतं. आता पूर्ण स्तन काढावा लागला. बरं होण्याची आशा चांगली आहे. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते बरोबर आहे. ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं, तेव्हा मला काढून टाकलं. आणखी कुणी कुणी तो व्हिडिओ बघून घरी बसलं, मला माहीत नाही.

माझं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचारही झाले. सध्या शरीरात आजार दिसत नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी असते. मेरे नवऱ्याला घेऊन न्यूझीलंडला, तिच्या गावी गेली. जायच्या आधी तिने माझ्यासाठी तिच्या भाषेत प्रार्थना केली. मला एक शब्दही कळला नाही. मी डोळे मिटून ऐकली. तिचे उपकार कसे फेडायचे, मला ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात शैलाताईंचा फोन आला. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. माझी चौकशी केली नाही, एकदम मुद्द्यावर आल्या.

“उद्यापासून माझं रेडिएशन सुरू होतंय. कातडी भाजते म्हणतात. तुझी भाजली होती?”

“हो ताई. तिसऱ्या आठवड्यापासून. बरीच भाजली होती.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता पुढचं सांग.”