तू तेवढा स्कोअर लिही

किस्से जमवावे लागत नाहीत. किट-बॅग महिनाभर धुतली नाही की तळाशी जसा चिखल साठतो, तसे ते साठतात. माझ्या बॅगेत दोन वर्षांचे आहेत, कारण २०१६ साली मी शाळेच्या कॅमोगी टीमसाठी नाव दिलं. कॅमोगी हा इथला, म्हणजे आयर्लंडमधला, मुलींचा खेळ. हातात लाकडी काठी, डोक्यावर हेल्मेट, लहान कडक चेंडू, एका बाजूला पंधराजणी आणि भरपूर पाऊस.

पहिल्याच दिवशी आमच्या कोच, ब्रीडा मिस, म्हणाल्या, "इंडियाची ना तू? मग गणित पक्कं असणार. तू तेवढा स्कोअर लिही."

गणितात मी तेव्हा जेमतेम पास होत होते. पण बोलायला लाजले. "ग्रँड," म्हणाले आणि वही घेतली. इथे 'ग्रँड' म्हटलं की विषय संपतो.

वही घेतली तरी काठी सोडली नाही. सँडीफोर्डला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या भिंतीवर मी रोज शंभर फटके मारायचे. आई वरून हाक मारायची, "सई, पुरे आता. त्या आयरिश पोरींना कुठे अभ्यास असतो? तुला आहे."

त्या आयरिश पोरींपैकी इफा वर्गात माझ्या शेजारी बसायची. तिला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. हे मी घरी कधी सांगितलं नाही.

एका मॅचला समोरच्या टीमच्या एका मुलीची आई माझ्याजवळ आली. "तुझं इंग्लिश किती सुंदर आहे," म्हणाली. मी तीन वर्षांची असल्यापासून इथेच आहे. तरी थँक्यू म्हटलं.

त्याच आठवड्यात गणपतीच्या कार्यक्रमाला गेलो. नागपूरहून नुकत्याच आलेल्या एका काकूंनी मला हळूहळू, एकेक शब्द तोडून इंग्लिशमध्ये विचारलं, "डू यू अंडरस्टँड मराठी?"

"हो काकू, येतं मला."

"अय्या, किती छान बोलते गं ही," त्या आईला म्हणाल्या.

त्यांनाही थँक्यू म्हटलं. आता दोन्ही भाषांची सर्टिफिकेटं आहेत माझ्याकडे.

मेनूथच्या मॅचला समोरच्या टीमचा स्कोअर लिहायला लिन नावाची चिनी मुलगी होती. आम्ही एकाच बाकावर बसलो. मग तिनं विचारलं, "तुला गणित आवडतं?"

"नाही. तुला?"

"मी चित्रं काढते," ती म्हणाली आणि बोटांवर बेरीज करायला लागली.

शेवटी तिचा स्कोअर वेगळा, माझा वेगळा. आम्ही घाबरून दोन्ही वह्या पुन्हा मोजल्या. दोघींचाही तिसराच आकडा आला! तोच रेफरीला सांगितला. तो वही न बघताच म्हणाला, "तुम्ही दोघी म्हणताय म्हणजे बरोबरच असणार."

परतताना बसमध्ये इफानं विचारलं, "तू खेळत का नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही."

"मला तरी कोणी विचारलं होतं?" ती चिप्स खात म्हणाली. "मी जाऊन उभी राहिले."

घरी पोचेपर्यंत मी तेच वाक्य मनात घोळवत होते. हा सीझन संपायच्या आत एकदा तरी मैदानात उतरायचं, हे त्या बसमध्ये ठरलं.

स्कोअर लिहिणाऱ्या मुलीला आणखी एक काम असतं. मॅचआधी रेफरीला द्यायची खेळाडूंची यादी तीच लिहिते. सीझनच्या शेवटच्या मॅचला अर्धी टीम तापानं आजारी होती. ब्रीडा मिसनी राखीव मुली धरून चौदाच नावं सांगितली आणि म्हणाल्या, "बारा नंबर रिकामा ठेव. नीव्हला बरं वाटलं तर येईल."

मॅचला पाच मिनिटं उरली. नीव्ह आली नाही. मी बारा नंबरवर माझं नाव लिहिलं. घाईत, घरी बाबा सगळे फॉर्म भरायला शिकवतात तसंच लिहिलं. आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं: कुलकर्णी सई मिलिंद.

रेफरी एकेकीला आडनावानं पुकारायला लागला. इथे आडनाव शेवटी असतं.

"नंबर बारा, मिलिंद?"

मैदानाच्या कडेला बाबा छत्री आणि थर्मास घेऊन उभे होते. त्यांनी हात वर केला. "येस सर," म्हणाले आणि आत आले.

रेफरीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, ही सोळा वर्षांखालच्या मुलींची मॅच आहे."

ब्रीडा मिसनी यादी हातात घेतली. "बारा नंबर रिकामा होता. हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले. "नीव्ह आलेली नाही. मी खेळते."

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. लेस आधीच घट्ट बांधलेल्या होत्या. मग माझ्या हातातली वही काढून त्यांनी बाबांच्या हातात दिली. इफानं तिचं जादा हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं.

रेफरी घड्याळ बघत होता. "मिलिंद, येतेयस का?"

"आले," मी म्हणाले.