शेवटच्यानं ओ द्यायची

आमच्या गावात मोबाइलची रेंज फक्त माझ्या पिठाच्या चक्कीसमोर येते. त्यामुळे वामनरावांची पोरगी संघप्रिया जर्मनीत काय खाते आणि कधी झोपते, हे सगळ्या गावाला ठाऊक. वामनराव फोन स्पीकरवर ठेवतात. मी चक्की बंद करतो, दळणाला आलेल्या बाया पायरीवर बसतात आणि आम्ही सगळे मिळून परदेशात राहतो.

संघप्रिया नर्स आहे. चंद्रपूरला कोर्स केला, नागपुरात जर्मन शिकली आणि दोन वर्षांच्या करारावर तिकडच्या एका लहान शहरात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला लागली. सुरुवातीला तिनं जे सांगितलं त्यातलं निम्मं आम्हाला खोटं वाटलं. रविवारी दुकानं बंद. बस भरलेली, पण कोणी कोणाशी बोलत नाही. रात्रीचं जेवण थंडगार, पाव आणि चीज. बाहेर बर्फ असला तरी सकाळी खिडक्या उघडायच्या, का तर हवा बदलायला.

"त्या बुढ्याईले पोरं नाईत का वं?" एका बाईनं विचारलं.

"हायेत ना. रविवारी येतेत, फुलं घेऊन."



वामनरावांचा जीव मात्र दुसरीकडेच अडकला होता. तिची खोली आणि आश्रम यांच्यामध्ये जंगल होतं, आणि पहाटेच्या ड्यूटीला ती त्यातून एकटी चालत जायची.

आमच्याकडे जंगलात एकटं कोणी जात नाही. मोहफुलं वेचायला जाताना-येताना सगळे रांगेत चालतात, मोठ्यानं बोलत. पुढचा माणूस मधूनमधून शेवटच्याचं नाव घेऊन हाक मारतो आणि शेवटच्यानं ओ द्यायची. ओ आली की रांग पुढे सरकते. पुढे वामनरावच असतात, आजही. सहा वर्षांपूर्वी शेवटी त्यांची बायको रुखमा होती. त्यांनी हाक मारली आणि ओ आली नाही. ते जागच्या जागी उभे राहून हाका मारत राहिले. वाघाच्या मुलखात पुढचं कोणाला सांगावं लागत नाही.

तेव्हापासून पोरगी कुठेही असो, वामनराव तिला हाक मारतात आणि ओ आल्याशिवाय त्यांचं चित्त थाऱ्यावर येत नाही. जर्मनीतही तेच सुरू झालं. इथे सकाळचे दहा वाजले की तिकडे पहाटेचा अंधार असायचा. वामनराव चक्कीसमोर उभे राहून ओरडायचे, "संघेऽ", आणि तिकडच्या झाडांतून आवाज यायचा, "ओऽ". झाडं संपेपर्यंत हे चालायचं. तोवर माझी दळणं खोळंबलेली.

एक दिवस तिकडे कोणीतरी पोलिसांना कळवलं की जंगलात एक बाई ओरडते आहे. पोलीस आले. रागावले नाहीत, उलट तिला गाडीतून आश्रमात सोडून दिलं. आश्रमाच्या मुख्य बाईंनी मात्र तिला जवळ बसवून सांगितलं की लोकांना त्रास होतो, आणि इथल्या जंगलात भिण्यासारखं काही नाही.

"बाबा, इथी वाघ नाई," संघप्रिया म्हणाली. "डुकरं अन् हरणं हायेत बस. म्हातारी माणसं कुत्रं घेऊन एकटी फिरतेत."

"मंग जंगल काऊन म्हणते त्याले?" वामनरावांनी विचारलं.

त्यानंतर ती हळू आवाजात ओ द्यायला लागली. मग ड्यूटीवर पोचल्यावर मेसेज. मग नुसता अंगठा.

"हीच ओ समजा, भाऊ," मी म्हणालो.

"याले आवाज नाई ना, नथ्थू."

मला पोरीचा राग आला, खोटं कशाला बोलू. तिचं म्हणणंही मी ऐकलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, आई गेल्यापासून पहिल्यांदा मी झाडाईतून बिनभेव चालून राह्यली. मले ते जंगल आवडते." हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण बापाचं तोंड बघून मला तो झाला नाही.

यंदा मोहाच्या दिवसांत ती सुट्टीवर आली. पायात पांढरे बूट, गालांवर थोडं मांस. घरोघरी चॉकलेटं वाटली. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्यासोबत मोहफुलं वेचायला आली. परतताना टोपली कमरेवर घेऊन रमतगमत चालली आणि कधी शेवटी राहिली ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. वामनरावांनी मागे पाहिलं आणि हाक मारली.

"संघेऽ"

ओ आली नाही.

रांग थांबली. वामनरावांनी दुसरी हाक मारलीच नाही. ते वळले आणि आम्हाला ढकलत मागे धावले, साठी उलटलेला माणूस, पायात स्लिपर.

वळणापलीकडे संघप्रिया पळसाखाली उभी होती, वर बघत. हाक तिनं ऐकली होती. ओ द्यायची असते, एवढंच विसरली होती.

"इथीच तं हाये ना मी, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिला त्यांचं तोंड दिसलं.

 वामनरावांनी तिला हाताला धरून रांगेच्या पुढे आणून उभं केलं आणि स्वतः शेवटी गेले. आम्ही चालायला लागलो. थोडं पुढे गेल्यावर तिनं हाक मारली, "बाबा."

ओ आली नाही.

ते ओ द्यायला तोंड उघडत होते, पण आवाज निघत नव्हता. मी त्यांच्यापुढेच होतो, मला दिसत होतं. तिला पुढून दिसत नव्हतं. बाबा बरे आहेत, एवढं ओरडून सांगणं माझ्या हातात होतं. मी सांगितलं नाही.

"बाबाऽ" ती पुन्हा ओरडली. टोपली पडली, फुलं वाटेवर सांडली. सहा वर्षांपूर्वी वामनरावांचा आवाज असाच फाटला होता.

"ओ," वामनराव म्हणाले.

आम्ही सांडलेली फुलं भरली. झाडं संपेपर्यंत ती हाका मारत राहिली आणि ते ओ देत राहिले.

सुट्टी संपली, ती परत गेली. कामावर रुजू झाली त्या दिवशी दहा वाजता वामनरावांचा फोन वाजला. मी आपणहून चक्की बंद केली.