आईनं फेडलेला दिवस

शहापूरच्या कॉलेजात पहिलं वर्षभर मी मान खाली घालून बसायचे. तोंड उघडलं की आमचं डोळखांबकडचं "नाय" बाहेर पडायचं आणि मागचे बाक खिदळायचे. एका मैत्रिणीनं मला त्यातून ओढून काढलं. बाजारात तिच्या वडिलांचं दुकान, त्यामुळे बोलायला ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही. "समोरच्याच्या डोळ्यांत बघ आणि बोल," म्हणायची. कँटीनमध्ये चहा सांगायला मुद्दाम मला पुढे ढकलायची. फार जीव लावला मी तिला.

पावसाळ्यात ती हौसेनं आमच्या पाड्यावर आवणीला आली. फोटो काढले, वाकडीतिकडी चार भाताची रोपं लावली. पण आमच्याकडे कुणी आवणीला दिवस दिला, की तो परत करायचा असतो.

"तिला शेत नाय म्हणून काय झालं? दिस तो दिस गो," आई म्हणाली. उन्हाळ्यात आई तिच्या घरी गेली आणि दिवसभर मसाल्याच्या मिरच्यांचे देठ खुडून आली. मैत्रिणीची आई बिचारी संकोचली होती. मैत्रीण नुसती बघत होती.

पुढच्या गॅदरिंगला आभार मानायचं काम माझ्याकडे आलं. माझं स्टेजवरचं पहिलंच बोलणं, म्हणून मी हट्टानं आईला आणलं. माझ्या आधी मैत्रीण नक्कल करणार होती. ती गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून आली, पदरानं अगदी आईसारखा घाम टिपला आणि म्हणाली, "बाय गो, तुजा दिस फेडाया आलंय. चिखल कुठं हाय?"

पोरं हसून लोळली. आईही आधी सगळ्यांबरोबर हसली. मग तिच्या लक्षात आलं, आणि घाम टिपायला उचललेला पदर तिनं हळूच खाली सोडला.

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आमच्या घरात जेवून गेली होती ती.

माइक हातात आला. सरांचे, मांडववाल्याचे, सगळ्यांचे आभार मानले. मग पुढच्या रांगेत बसलेल्या तिच्या डोळ्यांत बघितलं. "हिनं आमच्या शेतात एक दिवस आवणी केली होती. तो माझ्या आईनं फेडलाय. हिचे आभार मी मानत नाय."

कुणी हसलं नाही.

परतीच्या जीपमध्ये आई म्हणाली, "येवढं बोलाया तुला कुनी शिकवलं गो?"

मैत्रिणीचं नाव ओठांवर आलं आणि मला रडू फुटलं.